तपासनिसाचे बटाटे

अण्णांनी अख्ख्या नोकरीत एकही वस्तू स्वतः बनवली नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू नापास करणं हेच त्यांचं काम. कारखान्यात पाण्याच्या पंपांचे सुटे भाग व्हायचे. टर्नर लोक दिवसभर लेथपुढे उभे राहून बुश, म्हणजे लोखंडी नळीचे तुकडे, कातायचे, लोखंडाचा कीस त्यांच्या बोटांत घुसायचा, आणि अण्णा काचेच्या केबिनमध्ये बसून त्या बुशाच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचे. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं की अण्णा ब्रश उचलायचे आणि मालावर लाल फराटा ओढायचे. तो ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते पाहून कामगारांनी त्यांचंच नाव 'गेज' ठेवलं होतं. हुद्दा इन्स्पेक्टरचा. नुसतं इन्स्पेक्टर म्हटलं की बाहेरच्यांना पोलीस वाटायचा, आणि अण्णांनी तो गैरसमज कधी कुणाचा दूर केला नाही.

अशा माणसानं म्हातारपणी बटाटे पिकवले.

तेही ठरवून नाही. बायको गेली, आणि तिनं सिंकखालच्या टोपलीत आणून ठेवलेले बटाटे तसेच राहिले. अण्णा पाव आणि अंडी खाऊन दिवस ढकलत होते. एकदा टोपली पुढे ओढली तर बटाट्यांना बोटभर कोंब आलेले. दुसरा कुणी असता तर कचऱ्यात टाकून मोकळा झाला असता. अण्णांना न तपासता काही टाकता येत नसे. त्यांनी एकेक बटाटा उजेडात फिरवून पाहिला, जाड कोंबांचे इकडे, बारीक कोंबांचे तिकडे अशा दोन राशी केल्या, आणि त्या राशींपुढे बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता पुढे काय करायचं हे सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही. मग त्यांनी मागच्या अंगणात दोरी ताणली, टेप लावून सारख्या अंतरावर खड्डे काढले आणि बटाटे पुरले.

बटाट्यांना दोरीशी काही देणंघेणं नव्हतं. ते आले.

काढणीच्या दिवशी मातीतून एकेक बटाटा वर यायला लागला तेव्हा अण्णा त्या ढिगाशेजारी उभे होते, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवा बाप उभा असतो तसे. केलेलं फारसं काही नाही, पण छाती फुगलेली. वाकडे, खरबरीत, एकमेकांना चिकटलेले जुळे, अळीनं कुरतडलेले, सगळे त्यांनी पास केले. कारखान्यातल्या लोकांनी हे पाहिलं असतं तर तिथल्या तिथे संप केला असता.

अडचण शिजवताना आली. हे बटाटे फुटायचे. जातच पिठूळ, साल पातळ. कुकर लावला तर झाकण उघडल्यावर आत भिंतीला कागद चिकटवायची खळ. उघड्या पातेल्यात उकळले तर पाणी दुधासारखं पांढरं आणि तळाशी साली. अण्णा ती खळ मीठ-मिरपूड घालून खायचे आणि म्हणायचे, चव बघा चव! घरात ऐकायला कुणी नसल्यामुळे वाद होत नसे.

वाद मुलगी आली तेव्हा झाला. मुलगी बँकेत ऑडिटला. बापाचाच धंदा पुढे चालवला तिनं, लोखंडाऐवजी कागदावर. नवरा शाळेत खेळ शिकवायचा, दणकट, हसरा, बायकोसमोर कमी हसरा. दोघं टेबलाशी बसली आणि अण्णांनी मोठ्या ऐटीत बाउल पुढे सरकवला.

"बाबा, हे काय आहे?"

"बटाटे. घरचे."

"यात बटाटे कुठे आहेत?"

"आहेत ना. सगळेच्या सगळे आहेत. जरा एकत्र आलेत, इतकंच."

जावई हसले. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते हसायचे थांबले.

"हे दात नसलेल्यांचं खाणं झालं, बाबा. तुम्हाला दात आहेत अजून. मला हीच धास्ती आहे. एकटा माणूस आधी असलं काहीतरी खायला लागतो, मग आंघोळ सोडतो, मग एक दिवस शेजाऱ्यांचा फोन येतो. घराला कुलूप लावा आणि चला आमच्याकडे."

"कुठे ठेवशील मला?"

"ठेवशील काय, बाबा! हॉलमध्ये चपलांच्या रॅकशेजारी तो सोफा आहे ना? उघडला की बेड होतो."

"आणि मिटला की?"

"मिटला की सोफा."

"आणि मी?"

ती चिडली. बोलता बोलता शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी तिनं अट घातली. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आम्ही जेवायला येतो. तुमच्या हातचं, तुमचेच बटाटे. बटाटा बटाट्यासारखा दिसला पाहिजे, अख्खा. जमलं तर घर सोडायचा विषय मी काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं बॅग भरायची.

अण्णांनी पटकन मान डोलावली. निकष ठरला की त्यांना बरं वाटायचं. हा निकष आपल्याच मानेवर बसणार आहे हे त्यांच्या लक्षात ती दोघं गेल्यावर आलं.

त्यांची थोरली बहीण, आक्का, दोन गल्ल्या सोडून तिच्या मुलाकडे राहायची आणि रोज दुपारी श्वास घ्यायला इकडे यायची. तिला हे कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला.

"बाळ्या, बॅग भरलीस तर संपलास तू. मला विचार मुलाबाळांकडे राहणं काय असतं. चहा हवा असला तरी आधी घरात कुणाचं तोंड किती वाकडं आहे ते बघायचं. टीव्हीचा रिमोट माझ्या हातात शेवटचा कधी आला माहितेय? त्याचे सेल बदलायचे होते तेव्हा."

"मग काय करू?"

"बटाटे नीट शिजव, दुसरं काय करणार आहेस!"

आक्कानं जे जे सांगितलं ते बरोबर होतं. साल काढू नको. गार पाण्यात घाल आणि मग गॅस लाव, उकळत्या पाण्यात टाकलेस की बाहेरून फुटतो आणि आत कच्चा राहतो. आच अगदी बारीक, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, उड्या मारता कामा नये. आणि चमचाभर व्हिनेगर. आंबट असलं की बटाटा अंग धरून राहतो. अण्णांनी हे सगळं केलं. एकसारख्या आकाराचे बटाटे निवडले. आच इतकी बारीक केली की गॅस दोनदा विझला.

तरी फुटले.

आक्का खुर्ची ओढून ओट्याशी बसली आणि बघू लागली. पाणी कोमट होतंय न होतंय तोच अण्णांनी खिडकीत पडलेली बायकोची विणकामाची सुई उचलली, एक बटाटा चमच्यानं वर काढला, सुई आरपार घातली, बाहेर काढून तिच्याकडे निरखून पाहिलं आणि बटाटा परत सोडला. मग दुसरा. मग तिसरा. सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून.

"हे काय चाललंय?"

"तपासतोय."

"सगळे?"

"एक शिजला म्हणजे सगळे शिजले असं कुठे आहे?"

"अरे मेल्या, चाळणी केलीस त्यांची! आत पाणी शिरणार नाही तर काय होणार?"

"तपासल्याशिवाय कळणार कसं?"

"वेळ झाली की कळतं."

"वेळ हा पुरावा नाही, आक्का."

आक्कानं सुई काढून घेतली, तर अण्णांनी काटा घेतला. काटा काढून घेतला, तर सुरीचं टोक. सुऱ्या लपवल्या, तर ते आगपेटीतली काडी घेऊन उभे. शेवटी ती हात टेकून म्हणाली, "तुझ्या बायकोनं तुझ्याबरोबर संसार कसा केला देव जाणे. तिला पण टोचूनच बघत असशील, सुखी आहेस का, सुखी आहेस का." तेवढ्यात पातेल्यातला सगळ्यात मोठा बटाटा मधोमध उकलला.

फुटलेला माल अण्णा मागच्या भिंतीपाशी खड्ड्यात टाकायचे. भिंत सामाईक. पलीकडे टर्नर राहायचा, त्याच कारखान्यातला, अण्णांच्या लाल फराट्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. निवृत्त झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. पण बटाट्यांचा तो पांढरा ढीग रोज वाढताना पाहून टर्नरला राहवेना. एका सकाळी त्याचं डोकं भिंतीवर आलं.

"काय साहेब! रिजेक्शन फार दिसतंय हल्ली!"

अण्णांनी नुकतंच पातेलं चढवलं होतं. पाणी गार, आच बारीक, व्हिनेगर घातलेलं, झाकण लावलेलं. ते तसेच मागच्या दारात आले.

"तुझ्या बुशांपेक्षा कमीच आहे."

"माझ्या बुशांना काय झालं होतं हो? सांगा ना, आता तरी सांगा! त्या निळ्या पंपांचा अख्खा लॉट परत पाठवलात तुम्ही. बुश चोख होते. तुमचं गेज झिजलेलं होतं!"

"गेज झिजत नाही."

"झिजतं! रोज हजार भोकांत घालाल तर झिजणार नाही तर काय वाढणार?"

"भोकं मोठी पाडायची आणि वर तोंड चालवायचं, तू पहिल्यापासून असाच."

"आणि आता तरी अहो म्हणा! पेन्शन दोघांना सारखाच फॉर्म भरून मिळते."

मग जे सुरू झालं ते थांबेना. बुशांवरून गाडी कॅन्टीनच्या चहावर गेली, चहावरून युनियनवर, युनियनवरून कुणी कुणाची साहेबाकडे चुगली केली त्याच्यावर, आणि तिथून दोघांच्या सासुरवाडीवर. शेजारच्या खिडक्या उघडल्या. टर्नरचा घसा बसला तेव्हा तो खाली उतरला, आणि अण्णांना एकदम पातेलं आठवलं. धावत आत आले. झाकण काढलं.

सगळे अख्खे. गोल, गच्च, सालीला मुंगीच्या पायाएवढी चीर नाही. एक कापून पाहिला तर आत मऊ, कोरडा, सुरीला न चिकटणारा.

पद्धत सापडली होती. पद्धत अशी होती की बटाट्यांजवळ अण्णा नसावेत.

सांगायला सोपं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पातेलं चढवलं आणि पेपर घेऊन पुढच्या खोलीत बसले. पहिलं पान वाचून होण्याआधी पाय त्यांना ओट्याशी घेऊन आले आणि हातात काटा होता. फिरायला गेले, तर कोपऱ्यावरून परत. तो माल भिंतीपाशी गेला. ह्या माणसाला चुलीपासून लांब धरून ठेवील असं जगात एकच काहीतरी होतं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी भिंतीवर टकटक केली.

"टर्नर! त्या निळ्या पंपांचं काय म्हणत होतास?"

पलीकडून संशयानं भरलेला आवाज, "का? आता काय नवीन काढलंत?"

"नवीन काही नाही. तू खोटं बोलत होतास एवढंच सांगायचं होतं."

डोकं भिंतीवर आलं.

पुढे हे रोजचं झालं. पातेलं चढवायचं, झाकण लावायचं, भिंतीशी जायचं. टर्नर इतका वेळेवर यायचा की नवरा-बायकोचीही भांडणं एवढी शिस्तीत होत नाहीत. कशासाठी भांडतोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही. त्याचाही वेळ जात होता. एकदा तो आजारी पडला तर अण्णांनी त्या दिवशी अंडी खाल्ली.

रविवार आला. आक्का सकाळपासून हजर, धुतलेली साडी नेसून, जणू बघायलाच येणार आहेत कुणी. मुलगी आणि जावई आली. त्यांची मुलं क्लासला गेलेली. मुलीनं चपला काढल्या आणि घर बघायला सुरुवात केली. फ्रिज उघडून वास घेतला. औषधांच्या डब्या उलट्या करून तारखा पाहिल्या. बाथरूममध्ये टॉवेल ओला आहे का कोरडा, तेही हात लावून पाहिलं. अण्णा तोवर मागे भिंतीशी टर्नरच्या सात पिढ्या काढत होते. जावई दारात उभं राहून ते ऐकत होते आणि मनापासून हसत होते, कारण बायको आतल्या खोलीत होती.

मग पानं घेतली. पिवळ्याधमक लोण्यात घोळलेले, वर मीठ आणि मिरपूड, अख्खे बटाटे मोठ्या ताटलीत मधोमध. मुलीनं एक काट्यावर घेतला आणि तोंडात घालण्याआधी उजेडात फिरवला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग खालून. अण्णांनी हजारो बुश अस्सेच फिरवले होते. फिरवणाऱ्याच्या समोर उभं राहिलं की कसं वाटतं हे त्यांना आज कळत होतं. टर्नर लोक केबिनच्या काचेबाहेर टोप्या चुरगाळत का उभे असायचे, तेही.

तिनं खाल्ला.

"बाबा," ती म्हणाली, "छान झालेत हो. खरंच."

आक्कानं डोळ्याला पदर लावला. जावयांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. अण्णांना वाटलं, संपलं. घर राहिलं.

मुलीनं काटा खाली ठेवला. "चला, काळजीच मिटली. मी उगाच घाबरत होते की तुम्हाला आणून आमचं काम वाढेल. आता तसं काहीच नाही. आमची स्वयंपाकाची बाई सोडून गेली, सांगायचं राहिलंच तुम्हाला. मुलं रोज बाहेरून डबे मागवतात, ह्यांना ॲसिडिटी. तुम्ही इतकं सुंदर करता तर मग इथे एकट्यासाठी कशाला? तिकडे करा ना. तुमचाही वेळ जाईल."

"आणि सोफा?" अण्णांनी विचारलं.

"आता सोफा कशाला? स्वयंपाकघराला लागून ती छोटी खोली आहे ना, ती रिकामी करून देते."

नापास झाले असते तर चपलांशेजारी. पास झाले तर शेगडीशेजारी. असं गेज अण्णांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. दोन्ही टोकं आत जात होती.

"जमलं तर विषय काढणार नाही म्हणाली होतीस."

"बाबा, तो विषय वेगळा होता! तो तुम्हाला जमत नाही म्हणून होता. हा तुम्हाला जमतं म्हणून आहे."

"मग मला ने," आक्का म्हणाली. "मलाही येतो स्वयंपाक. याच्यापेक्षा बरा येतो."

"आत्या, तुमचं कसं जमेल? तुमचे गुडघे..."

"बघितलंस बाळ्या? माझा तर काटाही न लावता निकाल लागला."

अण्णा उठले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाला 'नाही' म्हणताना त्यांचा आवाज कधी हलला नव्हता. आज स्वतःसाठी म्हणताना हलला.

"मी येणार नाही."

"अहो पण का?"

"कारण मी नापास होत होतो तोवर तुला माझी कीव होती आणि पास झालो तर गरज आहे. इथे राहिलो तर निदान मी तुझा बाप आहे."

मुलगी लाल झाली. रडली नाही, ऑडिटवाली होती. पर्स उचलून म्हणाली, "ठीक आहे. राहा तुमचे बटाटे घेऊन." अण्णांनी सिंकखालून कच्च्या बटाट्यांची एक पिशवी भरली आणि तिच्यापुढे धरली.

"गार पाणी, बारीक आच, चमचाभर व्हिनेगर. झाकण लाव आणि तिथून निघून जा. एक सणसणीत भांडण होईपर्यंत शिजतात. तुमच्याकडे त्याला काही तोटा नाही."

तिनं पिशवीकडे पाहिलंही नाही. दार आपटलं. गाडीचा आवाज सुरू होऊन थांबला, आणि जावई धापा टाकत परत आले.

"चष्मा राहिला माझा," असं मोठ्यानं म्हणाले, पिशवी उचलली आणि गेले. जावई चष्मा लावत नव्हते.

संध्याकाळी फोन वाजला. जावयांचा आवाज अगदी दबका.

"बाबा, फुटले."

"काटा लावला?"

"हिनं लावला. सगळ्यांना. मी म्हटलं नको लावू, तर म्हणे शिजलेत की नाही कळणार कसं." मागून काहीतरी ऐकू आलं. त्यांनी फोनवर हात ठेवला, मग काढला. "बाबा, ती विचारतेय... म्हणजे ती विचारत नाहीये, मी विचारतोय. दर रविवारी आम्ही तिकडे जेवायला आलो तर चालेल का? मुलंही येतील. ती जाऊन येऊन करायला तयार आहे. तुम्हाला हलवायचं नाही म्हणते."

"ती म्हणते?"

"म्हणत नाहीये. पण नाही असंही म्हणत नाहीये."

"बरं," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

जिंकले होते. घर राहिलं, खाट राहिली, रिमोट राहिला. बक्षीस म्हणून दर रविवारी सगळ्या खानदानाचा स्वयंपाक गळ्यात पडला, आणि त्यासाठी सोफ्यापर्यंत जायचीसुद्धा गरज उरली नाही. त्यांनी माळ्यावरून बायकोचं मोठं पातेलं काढलं, आत बोटानं वाजवून पाहिलं आणि मागच्या दारानं भिंतीशी गेले.

"टर्नर... अहो टर्नर!"

पलीकडून खोकण्याचा आवाज आला आणि डोकं वर आलं. "आज परत? घसा बसलाय माझा, साहेब."

"आज नाही. पुढच्या रविवारी. पाहुणे वाढलेत. पातेलं मोठं आहे, शिजायला वेळ लागणार."

टर्नरनं मान तिरकी करून विचार केला.

"मग बुशांवर नाही भागायचं," तो म्हणाला. "बोनसचा विषय काढावा लागेल."